जुन्या गाडीच्या गाद्या, छत आणि कार्पेट: घरी काम करणाऱ्या नवशिक्यांसाठी

जुनी गाडी हाती आली की आधी इंजिन, मग पत्रा, मग रंग, या क्रमाने बहुतेकांचा वेळ आणि पैसा जातो. आतल्या कामाची पाळी येईपर्यंत दोन्ही संपत आलेले असतात आणि मग गाद्या घाईघाईने कशातरी मढवल्या जातात. खरं तर बसणाऱ्याच्या हाताला, पाठीला आणि नाकाला जी गाडी कळते ती आतलीच. हे काम घरी नक्की जमतं. वेल्डिंगला किंवा इंजिन उघडायला लागते तेवढी यंत्रसामग्री त्याला लागत नाही. स्वच्छ मोठं टेबल, बरं शिवणयंत्र, नोंदी ठेवायची सवय आणि घाई न करण्याचा स्वभाव, एवढं पुरतं.

एक गोष्ट मात्र या लेखात पुन्हा पुन्हा येईल: जुनं काढलेलं काहीही फेकू नका. फाटकं कव्हर, गंजलेली तार, कुजलेला पुठ्ठा, सगळं ठेवा. कारखान्यातले मूळ आराखडे आपल्याकडे नसतात. कारागिराने शिवण कुठे घेतली, कापड कुठे ताणलं, कुठे मुद्दाम ढिलं सोडलं, हे त्या चिंध्यांवरूनच समजतं. कव्हर सरळ कापून कचऱ्यात टाकलं आणि नव्या कापडावर अंदाजाने मापं घेतली, तर ती गादी कधीच मूळच्यासारखी बसत नाही.

वाचवायचं की बदलायचं?

उत्साहाच्या भरात सगळंच नवं करायची इच्छा होते. थोडं थांबा. मूळ कातडं, मूळ कापड एकदा गेलं की परत मिळत नाही, आणि पन्नास वर्षं वापरलेल्या कातड्याला जो पोत आलेला असतो तो नव्याला येत नाही. म्हणून आधी नुसती स्वच्छता करा. सौम्य साबणाचा फेस, मऊ ब्रश, ओलसर कापड. एका वेळी हातभर जागा घ्या आणि लगेच पुसा. मेलेलं वाटणारं कातडं पुष्कळदा फक्त मळलेलं असतं, किंवा त्याच्या वरच्या रंगाचा थर तेवढा झिजलेला असतो. असं कातडं पाण्यात मिसळणाऱ्या लेदर-रंगाने छान परत येतं.

परीक्षा सोपी आहे. कुठे दिसणार नाही अशा जागी कातडं दोन बोटांत धरून दुमडा आणि हलकेच ताणा. वाकलं, ताण सोसला, तर ते वाचेल. कागदासारखं टरकन फाटलं किंवा मागून भुकटी सुटली, तर त्याचे दिवस संपले. शिवण उसवलेली पण कातडं शाबूत असेल, तर गुन्हेगार फक्त दोरा आहे. वाकडी सुई घेऊन जुन्याच भोकांतून हाताने टाके घाला. नवी भोकं पाडायची नाहीत, कारण जवळजवळ पडलेल्या भोकांवर कातडं तिकिटासारखं फाटतं.

रेक्झिनचं गणित वेगळं. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं उन्हाने उडून जातं आणि मग ते कडक होऊन तडकतं. तडकलेलं रेक्झिन कुठलंही क्रीम चोळून मऊ होत नाही, त्यात वेळ घालवू नका. छोटी फाट असेल तर मागून कापडाचं ठिगळ चिकटवून भागतं.

तुमच्या गाडीत नेमकं काय आहे हेही तपासा. बऱ्याच जुन्या गाड्यांत, विशेषतः ब्रिटिश गाड्यांत, शरीर टेकतं तेवढ्याच भागाला कातडं आणि बाजूंना, पाठीमागे रेक्झिन असे. मर्सिडीजचं एमबी-टेक्स नावाचं रेक्झिन तर इतकं टिकाऊ की वर्षानुवर्षं लोक त्याला कातडंच समजतात. शिवणीच्या आत डोकावा: कातड्याची मागची बाजू केसाळ, मखमली दिसते, रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड असतं.

अजून एक तपासणी. साठ-सत्तरच्या दशकांतल्या पुष्कळ गाड्यांच्या रेक्झिनवरच्या रेघा शिवलेल्या नसतात, कारखान्यात उष्णतेने दाबून उमटवलेल्या असतात. घरी त्या हुबेहूब करता येत नाहीत. मूळ रूपच हवं असेल तर अशा गाडीसाठी तयार कव्हरं मिळतात का ते पाहा आणि फक्त चढवण्याचं काम स्वतः करा. शिवलेल्या रेघा चालणार असतील तर पुढे वाचा.

कामाचा क्रम

आधी पाणी. काचेच्या रबरातून, दाराच्या रबरातून किंवा छताच्या खाचेतून पाणी आत येत असेल, तर नवं कार्पेट एका पावसात कुजायला लागेल. आत एकाला टॉर्च देऊन बसवा, बाहेरून नळीने बारीक धारेने पाणी सोडा. खालून सुरुवात करून हळूहळू वर जा, म्हणजे गळती नेमकी कुठली ते कळतं. गळती बंद झाली की फ्लोअरचा गंज, मग वायरिंग, मग आवाज दाबणारे थर. त्यानंतर छत, कार्पेट, दारांची पॅनेलं, आणि सर्वांत शेवटी सीट. छताचं काम चालू असताना गोंदाचे थेंब खाली पडतात, म्हणून ते कार्पेटच्या आधी. सीट आत असताना काहीच नीट करता येत नाही, म्हणून त्या शेवटी.

शिकण्याचा क्रम मात्र याहून वेगळा ठेवला तरी चालेल. हात बसण्यासाठी पहिलं काम दाराच्या पॅनेलचं घ्या. ते सपाट असतं आणि बिघडलं तरी थोडंच कापड वाया जातं.

मास्क आणि हातमोजे

जुना फोम हात लावताच पिठासारखा झडतो, घोड्याच्या केसांच्या गाद्यांतून धूळ उडते, आणि वर्षानुवर्षं उभ्या गाडीत उंदरांची घरटी असतातच. घरटं कोरडं झाडू नका. जंतुनाशकाने भिजवा आणि मग उचला. काही जुन्या गाड्यांत आवाज आणि उष्णता रोखणाऱ्या नमद्यांत (दाबून केलेल्या जाड थरांत) किंवा पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. शंका आली तर ते खरवडू किंवा घासू नका, आधी तपासून घ्या. गोंदाची वाफ जड आणि ज्वालाग्राही असते, म्हणून दारं उघडी ठेवा, जवळ ज्योत नको आणि वाफ गाळणारा मास्क लावा. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थ वायर काढून ठेवा.

सीट बाहेर काढणं आणि उसवणं

सीटच्या बोल्टवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा. बोल्ट तुटला तर फ्लोअरमधली नट कापून काढावी लागते आणि अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस लागतात. सीट बाहेर आली की सगळ्या बाजूंनी फोटो काढा. नुसता देखणा फोटो उपयोगाचा नाही. कोपरा, शिवणींचा छेद, खालून कव्हर कसं अडकवलंय, पाइपिंग (शिवणीत घातलेली दोरीची गोल कड) कुठे संपतं, हे जवळून टिपा.

समोरच्या दोन सीट असतील तर एका वेळी एकच उघडा. दुसरी जशीच्या तशी शेजारी असू द्या. शिवताना अडलं की तिच्याकडे पाहायचं. हा नियम मोडावा असं एकही कारण मला आजवर पटलेलं नाही.

कव्हर सांगाड्याला बहुधा हॉग रिंगने अडकवलेलं असतं. ही तारेची उघडी कडी असते आणि पक्कडीने दाबली की मिटते. काढताना ती पिळून उघडा किंवा कटरने कापा, कापड ओढू नका. कव्हरच्या आतल्या बाजूला कापडाच्या नळ्या शिवलेल्या असतात आणि त्यांतून तार घातलेली असते. याच तारा गादीच्या मध्यावरची खोलगट रेघ खाली ओढून धरतात. प्रत्येक तार कुठल्या नळीतली, तिची लांबी किती, वाक कुठे, हे चिकटपट्टीवर लिहून तारेलाच चिकटवा. जुनी तार वाकडी किंवा गंजलेली असेल तर तिच्या मापाने नवी करा.

कव्हर निघालं की उसवण्याआधी खुणा करायच्या. हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा. प्रत्येक तुकड्याला नाव द्या: डावी सीट, बसण्याचा भाग, पुढची पट्टी, आणि बाण काढून पुढची बाजू दाखवा. मग प्रत्येक शिवणीवर साधारण दर १० सेंटीमीटरला आडवी रेघ मारा, अशी की ती शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या तुकड्यांवर उमटेल. नव्या कापडावर या रेघांच्या जागी छोट्या खाचा येतील आणि शिवताना खाचेला खाच जुळली की तुकडे आपोआप जागेवर येतील. वळणांवर रेघा अजून जवळ घ्या. प्रत्येक तुकड्याची मध्यरेषाही आखा.

आता शिवण उसवा. ब्लेडपेक्षा सीम रिपर (टाके उसवायचं छोटं हत्यार) बरा, कारण त्याने तुकड्याची कड शाबूत राहते.

साचे

उसवलेले तुकडे हलक्या इस्त्रीने किंवा वजनाखाली ठेवून सपाट करा आणि जाड कार्डावर आखून साचे काढा. इथे डोळे उघडे ठेवायला हवेत. चालकाची सीट दारासमोरच्या कडेला सर्वांत जास्त ताणलेली असते, कारण आत-बाहेर करताना सगळं वजन तिथे पडतं. ती कड जशीच्या तशी आखली तर नवं कव्हर तिथे ढिलं बसेल. तुकडा मध्यरेषेवर दुमडा, दोन्ही अर्ध्या भागांची तुलना करा आणि चांगल्या अर्ध्यावरून पूर्ण साचा काढा. उन्हात आक्रसलेल्या रेक्झिनची चूक याच्या विरुद्ध असते: तुकडा मूळ मापापेक्षा लहान झालेला असतो. म्हणून सामोरासमोर येणाऱ्या दोन कडांची लांबी मोजून पाहा. शिवणीच्या दोन बाजू एकमेकींशी जुळल्या पाहिजेत.

साच्यावर शिवणीची रेघ वेगळी आणि कापायची रेघ वेगळी दाखवा. दोहोंत १२ मिलिमीटर ठेवा. कारखान्याने काही ठिकाणी कमी ठेवलेलं असेल, पण नवशिक्याने सगळीकडे एकच माप धरावं. यंत्राच्या पायाशेजारी एक खूण केली की नजर तिथेच राहते.

शंका वाटणाऱ्या तुकड्यांसाठी मांजरपाटाचं चाचणी कव्हर शिवा आणि फोमवर घालून पाहा. मांजरपाट ताणला जात नाही, त्यामुळे तो तंतोतंत बसला तर रेक्झिन थोडं ताणून सुरेख बसतं.

सामान निवडताना

घरातल्या सोफ्याचं कापड गाडीत वापरू नका. काचेआडून येणारं ऊन, बंद गाडीतली उष्णता आणि दररोजची घासाघीस यांपुढे ते टिकत नाही. आगीचाही प्रश्न आहे. अमेरिकेत १ सप्टेंबर १९७२ पासून लागू असलेल्या एफएमव्हीएसएस ३०२ या नियमानुसार गाडीच्या आतलं साहित्य मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये. तुमची गाडी त्याआधीची असली तरी नवं कापड आणि फोम घेताना गाडीसाठीचाच, या कसोटीला उतरलेला माल मागा.

दोरा बाँडेड पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन बळकट असतो, पण सतत उन्हात पॉलिएस्टर जास्त टिकतो. सुती दोरा कुजतो. ६९ नंबरचा दोरा बहुतेक शिवणींना पुरतो; वरून दिसणाऱ्या ठळक टिपांना ९२ नंबर शोभतो. ६९ ला १६ ते १८ नंबरची सुई चालते, ९२ ला १८ ते २०. कातड्यासाठी धारदार टोकाची लेदर सुई लागते. तीच सुई कापडाला वापरली तर धागे कापले जातात.

फोम घेताना दोन वेगळ्या गोष्टी विचारा: घनता आणि कडकपणा. घनतेवर टिकाऊपणा ठरतो, कडकपणावर बसण्याचा अनुभव. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि कडक पण हलका फोम घेऊन येतात. तो थोड्याच काळात दबून बसतो. बसण्याच्या भागाला घनमीटरला ४० किलोंच्या वरचा घ्या, पाठीला थोडा हलका आणि मऊ चालतो.

कातडं घ्यायचं असेल तर एक पूर्ण कातडं साधारण ४.५ ते ५ चौरस मीटरचं असतं, पण त्यातलं सगळं वापरता येत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंचा भाग घट्ट आणि एकसारखा, पोटाकडचा सैल आणि ताणणारा. बसण्याचे आणि पाठीचे मुख्य तुकडे कण्याजवळून काढा, बाजूच्या पट्ट्या कडेकडून. कापण्याआधी सगळे साचे पसरून पाहा. चट्टे, व्रण आणि भोकं खडूने वेढा. नवशिक्याने पहिलं काम कातड्यावर करू नये असं मला वाटतं. आधी रेक्झिन किंवा कापड घ्या.

कापणं

मखमल, वेलूर, कार्पेट यांना लव असते. एक तुकडा उलटा कापला गेला की एकाच थानातला असूनही तो वेगळ्या रंगाचा दिसतो. कापडाच्या मागे सगळीकडे बाण काढून लवेची दिशा एकच ठेवा. रेक्झिनला लव नसली तरी ते एका दिशेने जास्त ताणतं. दोन्ही सीटचे सारखे तुकडे एकाच दिशेने कापा. रेक्झिन आणि कातडं यांना टाचण्या लावायच्या नाहीत, भोकं कायमची राहतात. क्लिपा वापरा.

रेघांची गादी करायची असेल तर तुकडा आधी मापात कापू नका. कापडाच्या मागे १० मिलिमीटरचा पातळ फोम लावा, मोठ्या तुकड्यावर सगळ्या रेघा शिवून घ्या आणि मगच साचा ठेवून कापा. प्रत्येक टिपेमागे कापड थोडं आत ओढलं जातं. आधी कापलेला तुकडा शेवटी बोटभर तोकडा पडतो.

पाइपिंगची पट्टी विणलेल्या कापडाची असेल तर उरेब, म्हणजे तिरपी कापायची, म्हणजे वळणावर सुरकुती पडत नाही. ४ मिलिमीटरच्या दोरीला सुमारे ४० मिलिमीटर रुंदीची पट्टी लागते.

शिवणं

घरगुती यंत्र दोन थर सहज शिवतं. पण पाइपिंगच्या शिवणीत चार ते सहा थर येतात आणि तिथे ते अडखळतं. शिवाय रेक्झिन यंत्राच्या पायाला चिकटतं, खालचा थर पुढे सरकतो, वरचा मागे राहतो. वॉकिंग फूट यंत्रात पाय आणि दाते दोन्ही बाजूंनी कापड एकत्र पुढे नेतात, म्हणून थर घसरत नाहीत. असं यंत्र नसेल तर काम वाटून घेणं हा उत्तम मार्ग आहे: मोजणं, साचे, कापणं, खाचा तुम्ही करा आणि नुसत्या टिपा मारायला यंत्रवाल्या कारागिराकडे द्या. कामाचा मोठा वाटा तरीही तुमचाच असेल.

टाका ४ ते ५ मिलिमीटर ठेवा. बारीक टाका नीटस दिसतो, पण रेक्झिन आणि कातडं त्या भोकांच्या रांगेवरच फाटतं. टाक्याचा ताण आधी त्याच कापडाच्या चिंध्यांवर, तेवढेच थर घेऊन जुळवा.

जोडणीचा क्रम असा: आधी पाइपिंग मुख्य तुकड्याच्या कडेला शिवून घ्या, मग बाजूच्या पट्ट्या खाचेला खाच लावून जोडा, मग आतल्या तारेच्या नळ्या, शेवटी खालची झालर. नळ्या विसरणं फार सोपं असतं आणि कव्हर पूर्ण झाल्यावर त्या लावता येत नाहीत, तेव्हा त्या यादीत ठळक लिहून ठेवा. बाहेरच्या वळणांवर शिवणीच्या जागेत छोटे काप द्या, पण टिपेच्या ३ मिलिमीटर आधी थांबा.

सांगाडा आणि फोम

कव्हर शिवून झालं तरी लगेच चढवायला जाऊ नका. सांगाडा तारेच्या ब्रशने साफ करून गंजरोधक प्राइमर आणि रंग द्या. वेल्डिंगचे सांधे तपासा. तुटलेली स्प्रिंग बदला. ताणून बसलेली एक स्प्रिंग तशीच ठेवली तर नव्या गादीतही तोच खड्डा दिसेल.

प्रत्येक गाडीची रचना वेगळी असते. एमजीबीसारख्या गाड्यांत गादीखाली रबरी पट्ट्या किंवा रबरी पडदा असतो आणि तो कडक होऊन फाटतो. सिट्रोएन २ सीव्हीच्या सीटमध्ये नळीच्या सांगाड्यावर कापड रबरी बंधांनी टांगलेलं असतं. जुन्या फोक्सवॅगन बीटल आणि मर्सिडीजमध्ये स्प्रिंगवर काथ्या किंवा घोड्याच्या केसांचा रबर मारलेला थर असतो. हा थर शाबूत असेल तर जरूर ठेवा. फोमपेक्षा त्यातून हवा चांगली खेळते आणि बसल्यावर जुन्या गाडीची ती खास उसळी त्याच्यामुळेच मिळते.

स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये किंतान किंवा जाड कॅनव्हास हवंच, नाहीतर स्प्रिंगा फोम कातरतात. फोमला आकार देण्यासाठी विजेची करवती सुरी उत्तम चालते. कडा मग खरखरीत कागदाने गोल करा. जुना फोम फक्त वरून झिजला असेल तर त्यावर पातळ थर चिकटवून उंची परत आणता येते. सगळ्यावर पॉलिएस्टर वॅडिंगचा (कापसासारख्या मऊ भरावाचा) एक थर घाला, त्याने कव्हर भरून दिसतं आणि सुरकुत्या कमी पडतात.

कव्हर चढवणं

कव्हर आधी उबदार होऊ द्या. उन्हात किंवा गरम खोलीत ठेवलेलं रेक्झिन सहज वळतं, थंड रेक्झिन हट्टी असतं. फोमवर पातळ प्लास्टिक पसरलं तर कव्हर त्यावरून सरकतं. जागेवर बसलं की प्लास्टिक ओढून काढा.

कव्हर अर्धं उलटं करून आधी मधल्या तारा खालच्या तारांना हॉग रिंगने बांधा. मग पुढची कड मध्यावर, मागची कड मध्यावर, मग बाजू, आणि कोपरे सर्वांत शेवटी. सुरुवातीला थोड्याच रिंगा लावून सगळं सैल बसवा, पाइपिंग सरळ आहे का ते पुढून आणि वरून पाहा, हाताने शिवणी ओढून जागेवर आणा. पसंत पडल्यावर रिंगा दाट लावा. कोपऱ्यात उरलेल्या बारीक सुरकुत्यांना वाफ द्या. रेक्झिनला हीट गन लावायची तर लांबून आणि सतत हलवत, कारण एका जागी रेंगाळली की वरचा पोत जातो आणि तो परत येत नाही.

छत

जुन्या गाड्यांचं छत तारांच्या कमानींवर टांगलेलं असतं. प्रत्येक कमानीची लांबी आणि वाक वेगळा, म्हणून उतरवताना पुढून मागे क्रमांक घाला आणि कुठल्या भोकात बसली होती तेही लिहा. नवं छत आदल्या दिवशी घडी उलगडून उबेत ठेवा. मध्यरेषा छतावर आणि कापडावर आखा, कमानी जागेवर उभ्या करा, मग पुढे आणि मागे मध्यावर ताणून क्लिपा लावा, आणि मध्याकडून कोपऱ्यांकडे या. बाजू शेवटी. सगळीकडे क्लिपांवर बसल्यावर, सुरकुती उरली नाही याची खात्री झाल्यावरच गोंद. अनेक गाड्यांत कापडाची कड काचेच्या रबराखाली जाते. तिथे काच काढून काम केलेलं बरं.

नंतरच्या गाड्यांत साच्यातल्या पुठ्ठ्यावर फोमचं कापड चिकटवलेलं असतं. कापड लोंबायला लागलं म्हणजे मधला फोम कुजलेला असतो. पुठ्ठा बाहेर काढून जुना फोम ब्रशने पूर्ण झाडा आणि मगच नवं कापड लावा. गोंद उष्णता सोसणाराच हवा. उन्हात उभ्या गाडीत छताचा पत्रा भाजण्याइतका तापतो आणि साधा स्प्रे गोंद पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो.

दारांची पॅनेलं

काच खाली-वर होते त्या खाचेतून दारात पाणी जातंच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना असते. ती भोकं आधी मोकळी करा. मग पॅनेलच्या मागचा प्लास्टिकचा पडदा नवा लावा, त्याची खालची कड दाराच्या आत वळवून. हा पडदा नसल्यामुळेच बहुतेक पॅनेलं कुजतात. फुगलेल्या पॅनेलच्या जागी ३ मिलिमीटर हार्डबोर्ड कापा. जुनं पॅनेल वर ठेवून सगळी भोकं उतरवून घ्या आणि बोर्डाला दोन्ही बाजूंनी वॉर्निश द्या. कापड चिकटवताना मध्यापासून बाहेर दाबत जा, कोपऱ्यात जादा कापड कापून काढा, म्हणजे क्लिपांच्या जागी जाड घड्या येणार नाहीत.

कार्पेट

खाली आवाज दाबणारा थर, त्यावर नमदा, त्यावर कार्पेट. आधी बोगद्याचा (फ्लोअरच्या मधोमध उंच उठलेला) भाग, मग बाजू, शेवटी फ्लोअर. फ्लोअरचे तुकडे चिकटवू नका, बटणांनी बसवा. पुढे कधी पाणी आलं तर उचलून वाळवता येतील.

सीटच्या बोल्टसाठी कार्पेटमधून ड्रिल कधीही मारू नका. ड्रिलच्या टोकात धागा अडकला की क्षणात पूर्ण रांग उसवत जाते. खालून टोचणीने भोक शोधा आणि नायलॉन कार्पेटला तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने भोक पाडा. कडाही वितळून बंद होतात. फ्लोअरमध्ये नवं भोक पाडायचं असेल तर आधी गाडीखाली जाऊन ब्रेकची आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते पाहा.

सगळं परत बसवताना

सीटबेल्टचे बोल्ट धातूवर घट्ट बसले पाहिजेत, मधे कार्पेट किंवा नमद्याचा थर दबता कामा नये. बहुतेक गाड्यांत हा बोल्ट ७/१६ इंची, इंचाला २० आटे असलेला यूएनएफ (बारीक आट्यांच्या इंची मापाचा) असतो. त्याच्या जागी हाती लागेल तो बोल्ट लावू नका. पट्टा कडेने विरलेला किंवा उन्हाने कडक झालेला असेल तर बदला. जुना पट्टा गाद्यांच्या रंगात रंगवायचा मोह टाळा.

बीटलवाल्यांनी एक गोष्ट विसरू नये: बॅटरी मागच्या सीटखाली असते. मागे माणसं बसली की स्प्रिंगा खाली येतात, आणि बॅटरीच्या टोकांना टेकल्या तर आग लागते. बॅटरीवरचं झाकण जागेवर आहे ना, ते पाहिल्याशिवाय ती सीट बसवू नका.

सीट रुळांवर पुढे-मागे सरकवून प्रत्येक खाचेत अडकते का पाहा. नव्या कार्पेटची जाडी वाढल्यामुळे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडल्यावर तो अडकत तर नाही ना, हे इंजिन बंद असताना अनेकदा तपासा. क्लच आणि ब्रेकचंही तसंच. नवी गादी दबून बसली की आरशांची दिशा बदलते. थोडं चालवून झाल्यावर आरसे पुन्हा लावा आणि सीटचे चारही बोल्ट पुन्हा एकदा आवळा.